कर्मफळाचा हिशेब कोणाजवळ?

‘करावे तसे भरावे’ ही म्हण आपल्याकडे घरोघरी चालते आणि तिच्या सत्यतेविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. परंतु थोडे थांबून पाहिले असता तिच्यात एक जागा मोकळी राहिलेली दिसते. करणारा जीव आहे, भोगणाराही जीवच आहे. पण अमुक करणीला अमुक भोग असा मेळ घालणारा कोण, हे म्हण सांगत नाही. करणी आपोआप फळते काय? की तिचे फळ कोणी देतो? देत असल्यास तो मोजून देतो की कृपेने देतो? हे प्रश्न केवळ पंडितांच्या वादसभेचे नाहीत. एखाद्या घरी कर्ता मुलगा जातो आणि समाचारास आलेली चार माणसे ओटीवर बसून सांगतात, ‘मागल्या जन्मीचे काही असेल.’ हे वाक्य उच्चारणाऱ्याने वरील सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ असल्याचे गृहीत धरलेले असते. ती उत्तरे शास्त्राने त्याच्या हाती खरोखर दिली आहेत काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वैदिक दर्शनांत या विषयाचा सर्वांत सूक्ष्म विचार दोन मीमांसांनी केला. जैमिनींची पूर्वमीमांसा बारा अध्यायांची; तिचा विषय धर्म. बादरायणांची उत्तरमीमांसा, म्हणजेच वेदान्त, चार अध्यायांची. तिचा विषय ब्रह्म. दोन्ही शास्त्रे वेदाला प्रमाण मानतात, दोन्ही सूत्रकार एकमेकांची मते नावानिशी नोंदवितात, आणि वाक्यार्थ लावण्याची रीत तर वेदान्ताने बहुतांशी पूर्वमीमांसेकडूनच घेतली. असे असता फलदात्याच्या प्रश्नावर मात्र दोघांची वाट फुटते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाच्या शेवटी, शांकर पाठाप्रमाणे ३८ ते ४१ या चार सूत्रांत, हा मतभेद नोंदविलेला आहे. फळ ईश्वरापासून मिळते असे प्रथम म्हटले आहे. मग जैमिनींचे नाव घेऊन फळ धर्मापासूनच मिळते हे मत मांडले आहे. आणि अखेरीस बादरायणांनी स्वतःच्या नावाने पहिला पक्ष पुन्हा स्थापिला आहे. चार लहान सूत्रे, पण त्यांच्या मागे दोन्ही शास्त्रांचा सगळा भार उभा आहे.

प्रथम जैमिनींची बाजू पाहू. मीमांसकाच्या मते धर्म म्हणजे वेदाच्या विधिवाक्याने कळणारे हित. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने याग करावा असे वेद सांगतो. आता याग ही क्रिया आहे. अग्नीत द्रव्य पडले, मंत्र संपला, ऋत्विज घरी गेले, की क्रिया नष्ट झाली. स्वर्ग तर देहपातानंतरचा. नष्ट झालेली वस्तू कारण कशी होईल? मृत कुंभाराच्या हातून आज घट निपजत नाही. मग वेदाचे वचन खोटे मानावे काय? शबरस्वामींच्या भाष्यात हा आक्षेप अगदी उघडपणे मांडला आहे. पशूंची कामना असणाऱ्याला चित्रा नावाची इष्टी सांगितली आहे. यजमान ती करतो, परंतु इष्टी संपताच गोठ्यात गाई येऊन उभ्या राहात नाहीत. आक्षेपक म्हणतो, जे वेळेवर दिसत नाही ते नाहीच. भाष्याचे उत्तर असे की, फळ मिळेल एवढे वेदाने सांगितले. ते त्याच क्षणी मिळेल असे सांगितलेले नाही. पावसासाठी करावयाच्या कारीरी इष्टीचे मात्र असे चालत नाही. पिके वाळत असता पुढल्या जन्मी पाऊस पडून काय उपयोग? म्हणून तिचे फळ येथेच व लगेच मिळावे असे मीमांसकांनी मानले, आणि पाऊस न पडल्यास पूर्वीच्या एखाद्या दुष्कृताचा प्रतिबंध आड आला असे म्हटले. हा प्रतिबंध कोणता, कोणाचा, केव्हाचा, हे मात्र त्यांनी कोठेही सांगितले नाही. ते का सांगितले नाही याचा विचार पुढे येईल.

क्रिया आणि फळ यांच्यामधील ही पोकळी भरण्यासाठी मीमांसेने जो पदार्थ मानला त्याचे नाव अपूर्व. जे कर्म करण्यापूर्वी नव्हते व कर्म केल्याने उत्पन्न झाले, ते अपूर्व. क्रिया नष्ट होते, पण ती मागे एक सामर्थ्य ठेवून जाते आणि ते फळ देईपर्यंत टिकते. कुमारिलभट्टांच्या मते ही यागजन्य योग्यता कर्त्याच्या आत्म्याच्या आश्रयाने राहते. प्रभाकरांनी निराळे सांगितले: विधिप्रत्ययाने जे ‘कार्य’ बोधित होते, ज्याला ते नियोग म्हणतात, तेच अपूर्व होय. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पण दर्शपूर्णमास यागाचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे, कारण अपूर्वाची गरज केवळ परलोकासाठी नाही हे त्यावरून कळते. या यागात पौर्णिमेचे तीन व अमावास्येचे तीन असे सहा प्रधान याग मिळून एक फळ होते. पौर्णिमेचे याग संपून पंधरा दिवस लोटल्यावर अमावास्येचे याग होतात. पहिले तीन तोवर कोठे आहेत? प्रत्येक यागाचे एक अपूर्व, पौर्णिमेच्या तिहींचे मिळून एक, अमावास्येच्या तिहींचे मिळून एक, त्या दोहोंचे मिळून परमापूर्व, आणि लहानसहान अंगांची आपापली अपूर्वे त्यांना साहाय्यक, अशी मांडणी मीमांसकांनी केली. एखाद्या चोख दुकानदाराच्या खतावणीत रोजकीर्दीतील रकमा जशा खात्याखात्याने एकत्र होत जातात, तशी ही रचना आहे. फरक एवढाच की, या खतावणीला लिहिणारा नाही.

हाच मीमांसेचा सर्वांत धीट सिद्धान्त. नवव्या अध्यायातील देवताधिकरणात पूर्वपक्षी म्हणतो की, यज्ञ देवतेसाठी असतो. पाहुण्याला जेवू घालतो ते पाहुण्याच्या संतोषासाठी, तसा हविर्भाग देवतेच्या संतोषासाठी. संतुष्ट देवता फळ देते. सिद्धान्ती हे मान्य करीत नाही. देवतेला देह नाही, ती हवी भक्षण करीत नाही, प्रसन्न होत नाही व फळही देत नाही. यागात देवता म्हणजे ज्या नावाने द्रव्याचा त्याग करावयाचा ते नाव. यागात ती गौण, यागच प्रधान. जगत्कर्त्या ईश्वराविषयीही कुमारिलांनी श्लोकवार्तिकात असाच कठोर विचार केला आहे. सृष्टीपूर्वी जीवांना देह नव्हते, दुःख नव्हते. मग ईश्वराला कोणाची करुणा आली? करुणेनेच निर्मिले म्हणावे तर त्याने केवळ सुखमय जगच का निर्मिले नाही? जीवांच्या कर्मांकडे पाहून निर्मिले म्हणावे तर मग कर्मांनीच काम भागते, मध्ये त्याला का आणावे? प्रयोजनाशिवाय तर मंद बुद्धीचा मनुष्यही हालचाल करीत नाही.

परमेश्वराच्या भक्तीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचताना काट्यावर पाय पडल्यासारखे वाटते. खुद्द मीमांसकांनाही तसे वाटले आहे. काशीचे खंडदेव हे १७ व्या शतकातील या शास्त्राचे धुरंधर पंडित. १६६५ साली ते वारले. त्यांनी आपल्या भाट्टदीपिकेत देवताधिकरणाचा हा अर्थ जैमिनींच्या मताप्रमाणे चोख मांडला, आणि शेवटी लिहून ठेवले की, असे बोलल्याने आपली वाणी दूषित होते, म्हणून हरिस्मरणाचा आश्रय. शास्त्राशी प्रामाणिक राहून शास्त्राच्या निष्कर्षाने कष्टी होणारा असा ग्रंथकार क्वचितच आढळतो. त्याच काळातील आपदेव, ज्यांच्या वंशाचा आरंभ त्यांच्या पुत्राने गोदातीरीच्या एकनाथांपासून सांगितला आहे, त्यांनीही आपल्या मीमांसान्यायप्रकाशाच्या शेवटी ईश्वरार्पणबुद्धीने केलेला धर्म निःश्रेयसाला कारण होतो असे म्हणून दार किलकिले करून ठेवले. जैमिनींच्या सूत्रांतून हे निघत नाही. ते ग्रंथकाराच्या अंतःकरणातून निघाले आहे.

पण मीमांसकांनी दाता का नाकारला, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते नास्तिक नव्हते. वेदासाठी त्यांनी बौद्धांशी हयातभर वाद केला. त्यांची भीती निराळी होती. फळ हे जर कोणाच्या प्रसन्नतेवर अवलंबून असेल, तर धर्म म्हणजे एखाद्या समर्थाची मनधरणी होते. मग कर्तव्य कोणते यापेक्षा मर्जी कशाने सांभाळली जाईल हा प्रश्न मोठा होतो, आणि मर्जी सांभाळण्याचे मार्ग सांगणारे मध्यस्थ गावोगाव उभे राहतात. मीमांसेने हे दार लावून घेतले. तुला आज्ञा आहे, ती तू पाळ; फळ कोणाच्या मेहेरबानीने येणार नाही व कोणाच्या रागाने अडणार नाही. यात एक उंची आहे हे मान्य केले पाहिजे. हाच विचार करणाऱ्यांचा धर्म पुढे खर्चिक कर्मकांडात अडकून पडला, ही गोष्ट निराळी.

आता बादरायण. शंकराचार्यांनी या सूत्रांवरील भाष्यात जे सांगितले त्याचा भावार्थ असा: क्रिया नष्ट होते हे जैमिनींना मान्य आहे, ते योग्यच. परंतु तिच्या जागी मानलेले अपूर्वही जड आहे. काष्ठ किंवा मातीचे ढेकूळ स्वतः जागचे हलत नाही. चेतनाच्या प्रेरणेवाचून जडाची प्रवृत्ती आढळत नाही. कोणाचे कोणते कर्म, कोणत्या देशी, कोणत्या काळी, कोणत्या रूपाने फळावे, हे जाणल्याशिवाय जुळणार नाही. आणि जाणणे हा जडाचा धर्म नव्हे. म्हणून सर्व जाणणारा, सर्वांचा अध्यक्ष जो ईश्वर, त्याच्यापासूनच फळ. रामानुजाचार्य याहून पुढे जातात. त्यांच्या मते यज्ञादिक कर्मे ही परमपुरुषाची आराधनाच आहे. सेवेने संतुष्ट झालेला राजा जसा देतो तसा तोच प्रसन्न होऊन भोग व मोक्ष देतो. मध्ये अपूर्व मानण्याची आवश्यकता त्यांना वाटत नाही.

दाता आला, की त्याच्या मागोमाग न्यायाचा प्रश्न येतो. एक जन्मतः धडधाकट, दुसरा जन्मतः पंगू. एकाच्या घरी धान्याची कोठारे, दुसऱ्याच्या घरी चूल थंड. देणारा एकच असेल तर तो पक्षपाती किंवा निर्दय ठरतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादात (सूत्र ३४) हा आक्षेप स्वतः सूत्रकारांनीच घेतला आहे. उत्तर असे की, ईश्वर सापेक्ष आहे, म्हणजे जीवांच्या धर्माधर्माकडे पाहून देतो. भाष्यकार पर्जन्याचा दृष्टान्त देतात. पाऊस साळीलाही समान, जवालाही समान. साळीतून साळ व जवातून जव निघतो तो बीजांच्या भेदामुळे. सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हते, मग पहिली विषमता कोठून, असे विचारल्यास संसार अनादी असल्यामुळे ‘पहिली’ असे काही नाहीच, असे पुढील सूत्र सांगते.

दृष्टान्त सुंदर आहे. परंतु पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि बीज जर सर्व भेद ठरवीत असेल, तर पावसाचे काम साहाय्यापुरते उरते. कुमारिलांनी टोचून विचारलेला प्रश्न येथे परत येतो: कर्माप्रमाणेच द्यावयाचे तर देणाऱ्याचे त्यात काय गेले? असा ईश्वर फार तर बिनचूक कोठावळा ठरेल. त्याने जमेपेक्षा अधिक दिले तर इतरांशी अन्याय, जमेइतकेच दिले तर कृपेला जागा नाही. अद्वैत वेदान्ती याला एक उत्तर देतो: हा सर्व विचार व्यवहाराच्या भूमिकेवरील आहे, मोक्ष हे कर्माचे फळच नव्हे. तो उत्पन्न करावयाचा नाही, मिळवावयाचा नाही, त्यात विकार घडवावयाचा नाही व त्यावर संस्कारही करावयाचा नाही. आणि क्रियेची फळे तर एवढ्या चारच प्रकारची. ज्ञान होताच अविद्या निवृत्त होते. ठीक आहे, पण मग हाक मारणाऱ्या जीवाचा व त्या हाकेला ओ देणाऱ्या ईश्वराचा भेदही त्या निवृत्तीत जातो. व्याकूळ झालेल्याच्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.

श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या शास्त्रात या गाठीचे दोन धागे वेगळे केलेले आहेत, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न. कर्माचे फळ भोगविणे हे देवतांचे काम. त्या चेतन आहेत, समर्थ आहेत, मीमांसेतल्याप्रमाणे निव्वळ नावे नव्हेत. परंतु त्या नित्यबद्ध, त्यांची फळे मर्यादित व क्षय पावणारी, आणि मोक्ष देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही. परमेश्वर नित्यमुक्त, जीवाला अनादी बंधनातून सोडविणे हे त्याचे व्यसन. म्हणून कर्माच्या मोजमापाचा प्रश्न परमेश्वराच्या कृपेला चिकटत नाही. कृपा ही मोजून दिलेल्या फळावर वर घातलेली वाढ नव्हे. ती निराळ्याच जातीची वस्तू आहे. बद्ध जीवाची योग्यता पाहिली जाते हे खरे, पण योग्यता म्हणजे कृपेची किंमत नव्हे. तहान लागली म्हणून पाणी विकत घेतले असे होत नाही. यातून एक आचारही निघतो. शेत पिकावे, खटला जिंकावा, मूल व्हावे म्हणून परमेश्वराला विनविणारा त्याची योग्यता वाढवीत नसून देवतेच्या आसनावर त्याला बसवीत असतो. जैमिनींना ज्या मनधरणीची भीती वाटली, ती येथे दाता न नाकारताही टळते.

तरी आपण प्रथम घेतलेला प्रश्न अजून बाकी आहे, आणि मला वाटते तोच अधिक निकडीचा आहे. दाता कोणीही असो, त्याचा हिशेब कोण पाहू शकतो?

मीमांसकाला विचारा. अपूर्व हे डोळ्यांना दिसत नाही. एरवीच्या अनुमानानेही ते सापडत नाही. ते कळते केवळ विधिवाक्याच्या अर्थापत्तीने: वेदाने या कर्माला हे फळ सांगितले, कर्म तर नष्ट होते, तेव्हा मध्ये काहीतरी असलेच पाहिजे. या तर्काची दिशा ठरलेली आहे. तो विधीपासून निघतो, कर्माकडे जातो व फळाकडे पोहोचतो. समोरच्या माणसाचे दुःख पाहून त्यावरून त्याचे पाप ओळखावे, असा उलटा प्रवास या तर्काने होत नाही. कारीरीच्या वेळी पाऊस न पडल्यास प्रतिबंध मानला, पण यजमानाने अमुक पाप केले होते असे म्हटले नाही, याचे कारण हेच. विश्वजित् यागाला वेदात फळ सांगितलेले नाही. तेथेही मीमांसकांनी फळ ठरविले ते नियमाने, सर्वांना इष्ट असा स्वर्ग. कोणाच्या घरची समृद्धी पाहून नव्हे.

वेदान्त्याला विचारा. जीवांच्या विषमतेचे कारण त्यांची पूर्वकर्मे, असे तो सामान्यतः म्हणतो, आणि छांदोग्यात आचरणाप्रमाणे योनी मिळते असेही आले आहे. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सामान्य सिद्धान्त वेगळा व विशिष्ट निर्णय वेगळा. सर्व धूर अग्नीतून निघतो हे कळल्याने गावच्या आगीला काडी कोणी लावली हे कळत नाही. ते जाणण्यासाठीच तर वेदान्त्याने सर्वज्ञ ईश्वर आणला! अपूर्व जड आहे, त्याला देशकालाचा मेळ कळत नाही, म्हणून जाणता हवा, असा त्याचा युक्तिवाद. जो मेळ घालण्यासाठी सर्वज्ञ लागतो, तो ओटीवर बसून पान जुळवता जुळवता आपल्याला लागला, असे मानणे म्हणजे बादरायणांचा सगळा अधिकरणच मोडीत काढणे होय.

येथे कोणी म्हणेल की, धर्मशास्त्रात कर्मविपाकाची प्रकरणे आहेत; अमुक पापाने अमुक रोग, अमुक चोरीने अमुक व्यंग, अशा याद्या मनु व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत दिल्या आहेत. आहेत खऱ्या. पण त्या कोठे आहेत ते पाहावे. त्या प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत आहेत. मीमांसेच्या रीतीने अशी निंदावचने ज्या विधीच्या जवळ असतील त्याला जोडून वाचावयाची असतात. त्यांचे तात्पर्य त्या विधीकडे प्रवृत्त करण्यात असते. ज्याने पाप केले त्याने भिऊन प्रायश्चित्त घ्यावे, यासाठी ती आहेत. शेजाऱ्याच्या अंगावरील डाग पाहून त्याची जन्मपत्रिका मांडण्यासाठी ती दिलेली नाहीत. वचन कोणाला उद्देशून आहे हे न पाहता ते उचलणे, हा मीमांसेच्या शिष्याच्या हातून घडू नये असा दोष आहे.

असे वचन उलटे वापरून समाजात किती घोर घडले, ते सांगण्याची गरज नाही. अमुक कुळात जन्मला म्हणजे पूर्वीचा पापी, पापी म्हणून अधिकार नाही, अशी साखळी लोकांनी तयार केली. मूळ शास्त्रांची पाने उलटली तर तेथे ही साखळी त्या रूपात सापडत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यज्ञाच्या अधिकाराचा विचार जैमिनींच्या सहाव्या अध्यायात आहे. शूद्राला अधिकार नाही असा तेथील निर्णय आहे, आणि तो आपल्याला मुळीच मान्य होणारा नाही. पण त्याचे दिलेले कारण अग्न्याधान तीन वर्णांनाच सांगितले, हे आहे. त्याच्या पूर्वजन्माचा उल्लेख करून त्याला बाहेर ठेवलेले नाही. त्याच ठिकाणी बादरी नावाच्या आचार्यांचे मत नोंदविले आहे की, अधिकार सर्वांना असावा. स्त्रीच्या अधिकाराविषयी ऐतिशायनांचे प्रतिकूल मत देऊन त्याविरुद्ध बादरायणांचे अनुकूल मत दिले आहे आणि पतीसह पत्नीलाही अधिकार ठरविला आहे. वाद जुना होता व दोन्ही बाजूंनी बोलणारे आचार्य होते. बादरींचा पक्ष त्या ग्रंथात पूर्वपक्ष म्हणूनच राहिला. स्त्रीशूद्रांना आपल्या बोलीत ब्रह्मविद्या सांगून तो आचरणात कोणी आणला, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आणखी एक शंका पुष्कळांच्या मनात असते व ती चांगल्या माणसांच्याही मनात असते. समोरचा आपल्या कर्माचे भोगत असेल, तर त्याला साहाय्य करणे म्हणजे फळाच्या आड येणे नव्हे काय? भोग संपण्याच्या ऐवजी लांबेल, अशीही समजूत आढळते. या शंकेत एक चूक दडलेली आहे. विधी नेहमी कोणाला तरी उद्देशून असतो. ज्याला उद्देशून असतो त्याला मीमांसक अधिकारी म्हणतो. भुकेल्याला अन्न द्यावे ही आज्ञा ज्याच्या घरी अन्न आहे त्याला आहे. भुकेल्याचे पूर्वकर्म ही त्याला दिलेली आज्ञा नव्हे. तिचे पालन त्याने करावयाचे नाही. उपाशी माणसाचे प्रारब्ध जर अजून उपाशी राहण्याचे असेल तर ते आपला मार्ग काढील. त्याची अंमलबजावणी करणारा शिपाई म्हणून शास्त्राने गृहस्थाला नेमलेले नाही.

शिवाय फळ अटळच असते तर प्रायश्चित्ताचा विधी व्यर्थ झाला असता. दोन्ही मीमांसा प्रायश्चित्त मानतात. वेदान्त तर म्हणतो की, ज्ञान झाल्यावर मागील पाप नाश पावते व पुढील चिकटत नाही. ज्याने फळ देण्यास आरंभ केला ते प्रारब्ध तेवढे देहाबरोबर संपते (अध्याय ४, पाद १). आपल्याकडेही अनुताप, प्रायश्चित्त व परमेश्वराचे स्मरण यांना जे महत्त्व आहे ते कर्म नासू शकते म्हणूनच आहे. जे नासू शकते त्याला दगडावरची रेघ समजून दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविणाऱ्याने एकाच वेळी प्रायश्चित्तविधीला व परमेश्वराच्या सामर्थ्याला बाध आणलेला असतो.

वैद्यांनीही हा विचार केला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात दैव व पुरुषकार यांचे बलाबल तोलले आहे; दुर्बळ दैवाला प्रबळ पुरुषकार हटवितो, आणि सर्वच आयुष्य नियत असते तर औषधोपचाराला अर्थ उरला नसता, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात साथीच्या रोगांचा प्रश्न आहे. गंगातीरी कांपिल्य नगरीजवळ अग्निवेश आत्रेयांना विचारतात की, प्रकृती निरनिराळी, आहार निराळा, बळ निराळे, वय निराळे, अशी माणसे एकाच रोगाने एकदम का मरतात? प्रत्येकाच्या खात्यात त्याच दिवशी तेच पाप जमा झाले होते, असे उत्तर गुरूंनी दिले नाही. त्यांनी वायू, जल, देश व काळ बिघडले असे सांगितले. आणि ते कशाने बिघडले याचे मूळ दाखविताना अधर्माकडे बोट केले, पण तो अधर्म देशाच्या, नगराच्या, श्रेणींच्या प्रमुखांपासून सुरू होतो व मग त्यांच्या आश्रितांत, नागरिकांत, व्यापाऱ्यांत पसरतो, असे क्रमाने सांगितले. मेलेल्यांच्या पूर्वजन्मांची चौकशी त्या संवादात कोणी केली नाही. त्या प्रश्नाआधीचे बोलणे औषधी दूषित होण्यापूर्वी त्या खणून गोळा करून ठेवण्याविषयी आहे.